आयफोनला जोडायचा कार स्कॅनर: पाचशेचा घ्यावा की पाच हजारांचा?

तुमचा प्रश्न असा: 2016 ची पेट्रोल गाडी, हातात आयफोन, चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो, मोबाइलला जोडायचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा डबा) पाचशेचा घ्यावा की पाच हजारांचा, "कोड उडवता आला की बास".

त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. आमच्या घरात माझे दीर हे वाक्य इतक्या वेळा बोललेत की आता मुलंही त्यांची नक्कल करतात.

आयफोनचं आधी उरकते. साध्या ब्लूटूथचे जे स्वस्त निळे डबे मिळतात ते अँड्रॉइडला जोडतात, आयफोनला नाही. तुम्हाला ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे बीएलई लिहिलेला लागेल, नाहीतर वायफायवाला. वायफायवाला घेऊ नका. फोनचं वायफाय त्या डब्यातच अडकून बसतं, आणि फोन मधूनच घरच्या वायफायकडे उडी मारतो. बीएलईवाला सेटिंग्जमध्ये जाऊन पेअर करायचा नसतो, ॲपमधूनच जोडायचा. कित्येक जण इथेच "डबा खराब निघाला" म्हणून परत पाठवतात. ॲप म्हणाल तर कार स्कॅनर किंवा ओबीडी फ्युजन. टॉर्क फक्त अँड्रॉइडवर आहे.

आता दिवा आणि भाऊजी.

मी कोल्हापूरकडच्या एका आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. सेन्सर, कॅलिब्रेशन हे माझं रोजचं. घरची गाडी मीच चालवते. नवऱ्याला बॉनेटचा खटका कुठे आहे ते अजून शोधावं लागतं. मागच्या पावसाळ्यात कणकवलीहून येताना करूळ घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलो. धो धो पाऊस, म्हणून गाडी चालूच ठेवली होती. तिथे दिवा लागला. गाडी उभ्या-उभ्या किंचित थरथरत होती, पण चालवायला काही त्रास नव्हता.

घरी आल्या आल्या भाऊजींनी त्यांचा डबा लावला. "पी0171 आहे वहिनी. काय नाही, उडवून टाकतो की!" मी छत्री वाळत घालून येईपर्यंत उडवलासुद्धा. दिवा गेला, भाऊजी खूश.

कोड उडवला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते. कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती, आरपीएम किती, कूलंट किती तापलेलं, इंधनाचं गणित काय होतं, याची ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) काढून ठेवलेली नोंद म्हणजे फ्रीझ फ्रेम. सगळ्या तपासणीत हाच काय तो साक्षीदार, आणि आपण त्यालाच आधी घालवतो. फळ्यावरचं गणित पुसलं म्हणून ते सुटत नाही, हे मी पोरांना सांगून थकले. भाऊजी तर माझे विद्यार्थीही नाहीत.

पुढे सर्व्हिस सेंटर. कुठलं ते सांगत नाही. त्यांच्या स्कॅनरवर अर्थातच काही दिसेना. पण ॲडव्हायझरला घाट ऐकू आला होता: "घाटात लोड आला की लागतो ना? मग इंजेक्टर. ऑक्सिजन सेन्सर पण बदलूया." एस्टिमेट 11,000 च्या पुढे. मी विचारलं, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती कमी-जास्त दुरुस्ती) किती दाखवतोय? त्याने टॅबवरून मान वर न काढता विचारलं, "मॅडम, सर येणार आहेत का? त्यांना समजावून सांगतो."

मी एस्टिमेटचा कागद मागून घेतला आणि गाडी बाहेर काढली.

दिवा परत लागणारच होता. या वेळी घरात कुणालाही सांगितलं नाही. माझा स्वतःचा बीएलई ॲडॉप्टर लावला. कोड तोच, पी0171, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. फ्रीझ फ्रेम उघडली: वेग 0, आरपीएम 750 च्या आसपास, कूलंट 91 अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम 21.9 टक्के, शॉर्ट टर्म 3.1.

वेग शून्य! गाडी उभी असताना कोड पडलाय. घाटाचा आणि लोडचा काही संबंध नाही.

आता ट्रिमबद्दल थोडं, कारण स्कॅनर घ्यायचा तो यासाठीच. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे वजनाने साधारण 14.7 भाग लागतात. ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून सांगतो की प्रमाण हललंय, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ती दुरुस्ती टक्क्यांत दिसते: शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची, लाँग टर्म म्हणजे सवयीची झालेली. शून्याच्या अलीकडे-पलीकडे पाच-सात टक्के असणं रोजचं. वीसच्या वर म्हणजे ईसीयू बिचारा कुठली तरी चोरटी हवा भरून काढतोय, नाहीतर पेट्रोलच पुरेसं येत नाहीये. या दोघांतलं कुठलं, ते ओळखायची सोपी रीत: गाडी उभी ठेवून आरपीएम 2500 वर धरा. ट्रिम खाली आला तर हवा कुठून तरी आत शिरतेय, कारण आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन एकूण हवाच थोडी ओढतं आणि त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो. वाढवल्यावरही ट्रिम वरच राहिला किंवा आणखी चढला तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरकडे बघायचं.

माझा आकडा 2500 वर 5 च्या खाली आला. म्हणजे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर निर्दोष सुटले.

मग बॉनेट उघडून एकेक रबरी नळी बोटांनी चाचपत गेले. क्रँककेसमधली वाफ इनटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याकडे) नेणारी एक करंगळीएवढी नळी आहे, तिला मॅनिफोल्डजवळ कोपरासारखं वळण आहे. वरून बघितलं तर नवी कोरी. वळणाच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तर तेलकट लागलं, आणि नळी जरा वाकवली की नखाएवढी चीर तोंड उघडायची. इंजिन चालू करून चीर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधोमध नळी पकडीत दाबली (पकडीला कापड गुंडाळून, नाहीतर रबर फाटतं). फोनवर शॉर्ट टर्मचा आकडा सरळ शून्याखाली कोसळला, उणे पंधराच्याही खाली. चोरटी हवा बंद झाली, पण ईसीयू अजून सवयीने जास्तीचं पेट्रोल ओतत होता. पकड सोडली, आकडा परत वर. मी हे चार वेळा केलं, गरज नसताना. मजा येत होती.

नळी काही शे रुपयांत आली. ती बसवली, आणि मग कोड उडवला. मग, आधी नव्हे.

भाऊजींना सगळं दाखवलं तर म्हणाले, "एवढं करायला वेळ कुणाला आहे वहिनी, दिवा गेला म्हणजे झालं." आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलंय. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत धुराच्या तपासणीला ओबीडीला, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेला, जोडूनच बघतात. कोड उडवून गेलात तर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणाऱ्या खुणा) अपूर्ण दिसतात आणि गाडी परत पाठवतात. आपल्याकडे पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो आणि पावती देतो, म्हणून भाऊजींचं चालून जातं.

तर कुठला घ्यावा? लाइव्ह डेटा (चालू इंजिनचे आकडे) भराभर आणि न अडखळता दाखवणारा. कोड उडवायचं काम पाचशेचा डबाही करतो, त्यावर एक रुपया जास्त घालवू नका. हे सगळे डबे ईएलएम327 नावाच्या चिपच्या पिढीतले. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी 2022 मध्ये बंद झाली. बाजारात दिसतात त्यातल्या बहुतेक नकला. खोक्यावर "व्ही 1.5" छापलं असेल तर हसून खाली ठेवा, मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती काढलीच नव्हती. स्वस्त नकला आकडे हळू आणतात, मध्येच गप्प होतात. ट्रिम बघताना तीन सेकंद शिळा आकडा काही कामाचा नाही. दोन-अडीच हजारांच्या आसपास व्हीगेट किंवा वीपीकचा बीएलईवाला मिळाला तर तुमचं काम भागेल. ओबीडीलिंक त्याहून फार चांगला आणि फार महाग. एकाच गाडीसाठी मी तरी घेणार नाही.

आणि हो, आधी सांगायला हवं होतं ते आता. 2016 ची गाडी बीएस-4 असेल तर ओबीडी-2 असणार, ते एप्रिल 2013 पासून सक्तीचं आहे. स्टीअरिंगच्या खाली 16 पिनांचं सॉकेट शोधा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड या सर्वसाधारण ॲपना बहुतेक गाड्यांत दिसत नाहीत, तो दिवा असेल तर गॅरेजच. डबा कायम लावून ठेवू नका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी खातो. दिवा स्थिर न राहता उघडमीट करत असेल तर स्कॅनर-बिनर नंतर, आधी गाडी बाजूला घ्या. तो मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) असतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. ई20 पेट्रोलवर लाँग टर्म ट्रिम काही टक्के वर सरकलेला दिसेल, त्याला घाबरू नका.

माझं ट्रिमचं गणित एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीचं आहे. तुमच्या गाडीत नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल, आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तोच असतो, तर हवा चोरली तरी ती मोजली जाते आणि ट्रिमऐवजी आयडलचा आरपीएम चढलेला दिसतो. तेव्हा गाडीचं मॉडेल खाली लिहा. आणि दिवा आत्ता लागलेला असेल तर कशालाही हात लावण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, तोही टाका.