झिप करताना सिम्बॉलिक लिंक कशी टिकवावी?

प्रश्न: आमच्या प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर रोज झिप करून दुसऱ्या लिनक्स सर्व्हरवर पाठवणारा एक छोटा पायथन प्रोग्राम मी लिहिला आहे. त्यात शुटिल मॉड्यूलमधील मेक-आर्काइव्ह हे फंक्शन वापरले आहे. पलीकडे झिप उघडल्यावर काही सिम्बॉलिक लिंकच्या (दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा फक्त पत्ता ठेवणाऱ्या नोंदींच्या) जागी पूर्ण फाइल दिसते, एका लिंकच्या जागी रिकामे फोल्डर दिसते आणि एक लिंक तर नाहीशीच झालेली असते. एरर मात्र कोठेही येत नाही. लिंक ही लिंक म्हणूनच राहावी यासाठी काय करावे? झिप सोडून टार (अनेक फाइल एकत्र बांधणारा दुसरा फॉरमॅट) वापरणे हाच एक मार्ग आहे का?

उत्तर: आपल्याला दिसलेली तिन्ही लक्षणे वेगळी असली, तरी त्यांचे मूळ एकच आहे. हे फंक्शन झिप तयार करताना एखादी नोंद लिंक आहे की नाही, हे तपासतच नाही. लिंक फाइलकडे जात असेल, तर ती उघडल्यावर त्या फाइलचा मजकूर हाती येतो आणि तोच लिंकच्या नावाने झिपमध्ये जातो. लिंक फोल्डरकडे जात असेल, तर तिची गणना फोल्डरांत होते. पण फोल्डरांची यादी करणारे वॉक हे फंक्शन लिंकमधून आत उतरत नसल्यामुळे झिपमध्ये नुसते फोल्डरचे नाव लिहिले जाते, आत काहीच नसते. आणि जिचे लक्ष्य अस्तित्वातच नाही अशी तुटलेली लिंक 'ही फाइल आहे का' या कसोटीला उतरत नाही, म्हणून ती गुपचूप वगळली जाते. एरर न येता नोंद गळून पडणे हा यातील सर्वांत गंभीर भाग आहे, कारण असा बॅकअप वरवर पाहता पूर्णच वाटतो.

झिपमध्ये लिंकसाठी जागाच नाही, असा समज बराच पसरलेला आहे, पण तो खरा नाही. हा फॉरमॅट १९८९ मध्ये डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या जगात जन्मला आणि तेथे सिम्बॉलिक लिंक नव्हती, त्यामुळे मूळ रचनेत तिचा विचार नव्हता हे खरे. पुढे युनिक्सवरील झिप प्रोग्रामांनी यावर तोडगा काढला. झिपच्या शेवटी असलेल्या सूचीत प्रत्येक नोंदीसाठी बाह्य गुणधर्मांचे ३२ बिट राखलेले असतात. त्यांपैकी वरच्या १६ बिटांत युनिक्सचा फाइल-मोड (फाइलचा प्रकार आणि परवानग्या सांगणारा आकडा) ठेवला जातो. मोडमधील प्रकार दाखवणारा भाग ऑक्टल (आठ आधाराच्या) पद्धतीत १२०००० असेल, तर ती नोंद सिम्बॉलिक लिंक समजली जाते आणि तिचा 'मजकूर' म्हणून लक्ष्याचा पत्ता तेवढा साठवला जातो. कमांड-लाइनवरील झिपला 'वाय' हा पर्याय दिला की ती हेच करते. पायथनमध्ये मात्र ते आपल्यालाच लिहावे लागते.

त्यासाठी मेक-आर्काइव्ह बाजूला ठेवून वॉकने फोल्डर स्वतः फिरावे आणि मिळालेले प्रत्येक नाव आधी इझ-लिंक या फंक्शनने तपासावे. 'आधी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इझ-फाइल आणि इझ-डिर ही दोन्ही फंक्शने लिंकच्या पलीकडे जाऊन उत्तर देतात, त्यामुळे ती पहिल्यांदा वापरली तर लिंक ओळखण्याची संधी निघून जाते. ही तपासणी फाइलांच्या यादीइतकीच फोल्डरांच्या यादीतही करावी, कारण फोल्डरकडे जाणाऱ्या लिंक वॉक त्या दुसऱ्या यादीत ठेवतो आणि अनेक जण नेमकी तीच यादी पाहत नाहीत.

लिंक सापडली की झिपइन्फोची (झिपमधील एका नोंदीची माहिती ठेवणाऱ्या पायथन क्लासची) नवी नोंद तयार करावी. तिचे 'निर्माण करणारी प्रणाली' हे मूल्य ३, म्हणजे युनिक्स, असे ठेवावे; अन्यथा उघडणारा प्रोग्राम मोडकडे दुर्लक्ष करू शकतो. एल-स्टॅटने (खुद्द लिंकची माहिती देणाऱ्या फंक्शनने) मिळालेला मोड १६ बिट डावीकडे सरकवून बाह्य गुणधर्मांत भरावा. येथे साधा स्टॅट चालणार नाही, कारण तो लक्ष्याची माहिती देतो. वेळही एल-स्टॅटमधूनच घ्यावी, नाहीतर नोंदीवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडते. शेवटी रीडलिंक या फंक्शनने मिळालेला लक्ष्याचा पत्ता बाइट्समध्ये बदलून राइट-एसटीआरने झिपमध्ये लिहावा. लिंक फोल्डरची असली, तरी नोंदीच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ देऊ नये. ती दिली की नोंद फोल्डर ठरते.

वॉकला लिंकमधून आत उतरण्याची परवानगी देणे हा काही जणांना सोपा उपाय वाटतो. त्याने रिकामे फोल्डर भरते, पण लिंक टिकत नाही. शिवाय एखादी लिंक स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे जात असेल, तर तेच फोल्डर पुन्हा पुन्हा फिरले जाते. आकाराचाही प्रश्न आहे. एकाच लायब्ररीला आवृत्तीनिहाय दोन-तीन नावे लिंकने दिलेली असतात, आणि झिप प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे दाबत असल्याने त्या सगळ्या प्रतींची जागा पुन्हा पुन्हा लागते.

आता टारविषयी. आपले दोन्ही सर्व्हर लिनक्सचे आहेत, त्यामुळे झिपचाच आग्रह धरण्याचे बाहेरचे काही कारण नसेल, तर मी टारच सुचवेन. टारच्या शीर्षकात नोंदीच्या प्रकारासाठी आणि लिंकच्या लक्ष्यासाठी सुरुवातीपासून वेगळी जागा आहे. पायथनचे टारफाइल मॉड्यूल 'डीरेफरन्स' (लिंकऐवजी तिचे लक्ष्यच साठवणारा) हा पर्याय मुद्दाम चालू केला नाही, तर लिंक जशीच्या तशी, तुटलेली असली तरीही, साठवते. मेक-आर्काइव्हला झिपऐवजी जीझेडटार (जीझिपने दाबलेले टार) हा प्रकार दिला, तरी आपली तक्रार बहुधा तेथेच मिटेल.

झिपच ठेवायची असेल, तर उघडण्याची बाजूही पाहावी. लिनक्सवरील अनझिप कमांड लिंक पूर्ववत करते, परंतु पायथनच्या झिपफाइलमधील एक्स्ट्रॅक्ट-ऑल तसे करत नाही. ते लक्ष्याचा पत्ता लिहिलेली एक साधी फाइल तयार करते. पलीकडेही पायथनच असेल, तर बाह्य गुणधर्म वाचून लिंक स्वतः तयार कराव्या लागतील. त्या सर्व साध्या फाइल लिहून झाल्यावर, शेवटी तयार कराव्यात, म्हणजे कोणतीही फाइल लिंकच्या वाटेने भलतीकडे लिहिली जाणार नाही. झिप नीट बनली की नाही, हे लिनक्सवरील झिपइन्फो या कमांडने (ती वरच्या पायथन क्लासहून वेगळी आहे) लगेच कळते: लिंकच्या ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी 'एल' हे अक्षर दिसले पाहिजे.

प्रश्न: बाहेरून आलेली टार फाइल पायथनने उघडताना लिंकमुळे धोका संभवतो, असे ऐकले. तो नेमका कोणता?

उत्तर: धोका खरा आहे. टारमधील पहिली नोंद बाहेरच्या एखाद्या फोल्डरकडे जाणारी लिंक असते आणि पुढची नोंद त्याच लिंकच्या आत फाइल लिहिते. अशा रीतीने आपण ठरवलेल्या फोल्डरबाहेरची फाइल बदलली जाऊ शकते. पायथन ३.१२ मध्ये यासाठी टारफाइलला फिल्टर हा पर्याय मिळाला आणि ३.१४ पासून 'डेटा' हा कडक फिल्टर आपोआप लागू होतो. तो ठरलेल्या फोल्डरबाहेर जाणाऱ्या आणि संपूर्ण पत्ता असलेल्या लिंक नाकारतो. याचा परिणाम आपल्या स्वतःच्या बॅकअपवरही होतो. मुळापासूनचा पूर्ण पत्ता असलेली लिंक टारमध्ये सुखरूप जाईल, पण उघडताना अडेल, आणि फिल्टर नसला तरी दुसऱ्या यंत्रावर ती बहुधा तुटलेलीच निघेल. म्हणून प्रकल्पातील लिंक तयार करतानाच सापेक्ष पत्त्याने (लिंक ज्या फोल्डरात आहे तेथपासून मोजलेल्या) कराव्यात.