बुक क्रिकेटमधल्या खेळाडूंची चरित्रं लिहिणाऱ्या मुलाला थांबवावं का?

तुम्ही विचारलंय की अकरा वर्षांचा मुलगा दिवसभर बुक क्रिकेट (पुस्तक कुठेही उघडायचं आणि पानाच्या आकड्यावरून रन मोजायचे) खेळतो आणि त्या ‘नसलेल्या’ खेळाडूंची लग्नं, दुखापती, भांडणं वहीत लिहीत बसतो, तर त्याला थांबवावं का. नका थांबवू. आणि ‘नसलेल्या’ हा शब्द मला झोंबला, म्हणून लिहितेय.

माझा खेळाडू विनू तरंगे. ठाण्यात नौपाड्यातल्या घरी मी आणि दादा लीग चालवायचो: तलावपाळी बदकं, येऊर बिबटे, कोपरी काजवे, गायमुख मगरी. सामने मासुंदा तलावात, फिल्डर होड्यांत. विनू नावाड्याचा मुलगा, पण त्याला पोहता येत नव्हतं. पुस्तक चौथीच्या इतिहासाचं. त्यातलं आग्र्याचं पान उघडलं की फलंदाज नजरकैदेत. संघातल्या कुणी षटकार मारला की पेटाऱ्यातून सुटका. विनू एकदा लागोपाठ सात सामने आत होता. परत आला तो डावखुरा होऊन, आणि त्यानंतर त्याने मिठाईला हात लावला नाही. हे सगळं मी वहीत तारखांसकट लिहिलं होतं.

डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन. ८ आला तर डॉट, ० आला तर बाद. म्हणजे पाच चेंडूंत एक विकेट, आणि हिशेब केला तर फलंदाजाची सरासरी १२ पडते. विनूची ३१ होती.

मे १९९३, फायनल. विनू ९८ वर. मी डोळे मिटून पुस्तक उघडलं, डोळे उघडले तर पान ५४. चौकार, १०२, शतक! तेवढ्यात टेबलफॅनचं तोंड आमच्याकडे वळलं, पानं फडफडली आणि ६० वर येऊन थांबली. दादा नववीत, बॉलरही तोच आणि अंपायरही तोच. त्याने शाईच्या पेनाने लिहिलं: तरंगे, बाद, ९८. मी रडले तर म्हणाला, “पुस्तकातल्या माणसासाठी रडतेस? तुम्हा मुलींना क्रिकेट कळत नाही.” वहीत खाडाखोड करायची नाही हा नियम माझाच होता, म्हणून ते ९८ तसंच राहिलं. पुढे ऐरोलीला घर बदललं तेव्हा वही रद्दीत गेली.

२०२० साली अमेरिकेत ब्लेसबॉल नावाचा ऑनलाइन बेसबॉल सुरू झाला. त्यातला एकही खेळाडू खरा नव्हता, ग्रहण लागलं की अंपायर खेळाडूंना जाळून टाकायचे. चाहत्यांनी त्या खेळाडूंची चरित्रं लिहिली, चित्रं काढली, गेलेल्यांसाठी हळहळले. चांगली कमावती, मोठी माणसं. २०२३ मध्ये तो बंद पडला. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, तिकडच्यांना उद्योग नाहीत.

मुलाला एक जाड, शिवलेल्या बांधणीचं पुस्तक आणून द्या. पिना मारलेलं पुस्तक आपोआप मधल्या पानांवर उघडतं. आमचं तसंच होतं, हे मान्य करते. विनूच्या ३१ मध्ये त्याचा वाटा असणार. अभ्यास पार बुडत असेल तर वेळ ठरवून द्या, तेवढं तुमचं तुम्हाला कळेलच. पण वही जपा, आणि त्याचा सामना चालू असताना पंखा बंद ठेवा.

आणि दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते. पान कुठलं होतं हा वाद बाजूला ठेव. अपील झाल्याशिवाय अंपायर बाद देऊ शकत नाही, हा क्रिकेटचा नियम आहे. त्या दिवशी तू थेट पेन उचललंस. ‘हाऊज दॅट’ कुणीही म्हटलं नव्हतं.