नाच बसवायला शिकायचं, की शिकवायला?

समकालीन नृत्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, घेतलं तर कुठलं, अर्जासोबत काय पाठवावं, अशी पत्रं प्रवेशाचे दिवस जवळ आले की वाढतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी आठ वर्षं मुलांचे नृत्यवर्ग घेते, अधूनमधून स्वतःचंही काही बसवते. नृत्यशिक्षणाचं एमए करावं की कोरिओग्राफीचं? दोन्हींची माहितीपत्रकं वाचली, पण फरक कळत नाही.

माहितीपत्रकांवरून तो कळणारही नाही, सगळीकडची भाषा एकच असते. त्याऐवजी एका सत्राचं वेळापत्रक मागवून घ्या. कोरिओग्राफीच्या वेळापत्रकात मोकळा स्टुडिओ भरपूर दिसेल. त्या वेळेत काम तुमचं तुम्ही करायचं, ठरावीक दिवसांनी मार्गदर्शकाला आणि सोबतच्या विद्यार्थ्यांना दाखवायचं, ऐकून घ्यायचं, पुन्हा आत जायचं. नृत्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमात तुमच्यासमोर कायम माणसं असतात. तुम्ही तास घेता, मागे बसून कुणीतरी तो बघतं, आणि मग ‘अमक्या सूचनेनंतर अर्धा वर्ग का थांबला?’ यावर तासभर चर्चा होते. जोडीला शरीररचनाशास्त्र, इम्प्रोव्हायझेशन (आधी न बसवता, त्या क्षणी सुचेल तसं नाचणं) कसं शिकवायचं, तंत्राच्या तासाची बांधणी, असं सगळं असतं.

शेजारी शेजारी बघायचं असेल तर जर्मनीतलं उदाहरण घ्या. फ्रँकफुर्टच्या संगीत आणि रंगमंचीय कलांच्या विद्यापीठात समकालीन नृत्यशिक्षणाचं एमए आहे, आणि जवळच्या गीसेनमध्ये कोरिओग्राफी आणि परफॉर्मन्सचं. गीसेनचा पिंड नाट्यविद्येचा असल्यामुळे तिथे ‘हे नृत्य आहे का?’ असा प्रश्न पडेल अशीही कामं होतात. बर्लिन, लंडन, ब्रसेल्स इथल्या संस्थांचे स्वभाव आणखी वेगळे.

विद्यापीठात नृत्य शिरलं ते शिक्षणाच्याच दारातून, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ साली नृत्यात पदवी घेण्याची सोय झाली. ती सुरू करणाऱ्या मार्गारेट एच’डब्लर नर्तकी नव्हत्या. शिक्षण जीवशास्त्राचं आणि नोकरी शारीरिक शिक्षणाच्या विभागात. त्या वर्गात हाडांचा सापळा ठेवत आणि विद्यार्थिनींना आधी जमिनीवर झोपवत. उभं राहण्यात जाणारी ताकद वाचली की कुठला सांधा कुठवर जातो, हे ज्याचं त्याला उमगतं. स्वतः करून दाखवायचं मात्र त्या टाळत, कारण दाखवलं की विद्यार्थी नक्कल करतो आणि शोधणं थांबतं. नृत्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत आज ज्यावर वाद झडतात, त्यातलं बरंचसं त्या वर्गात आधीच होतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर गेल्या वर्षभराच्या वह्या काढा. त्यात मुलांच्या अडचणी जास्त लिहिलेल्या असतील तर शिक्षणाकडे जा. रचनांची चित्रं, बाण, मोजलेल्या मात्रा जास्त असतील तर कोरिओग्राफीकडे. वहीच नसेल, तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि वही सुरू करा.

प्रश्न: नाच बसवणं शिकवता येतं का? मला वाटतं ते अंगात असावं लागतं. मग दोन वर्षं आणि एवढा पैसा कशासाठी?

अंगात असावं लागतं हे लेखनाबद्दलही म्हणतात आणि गाण्याबद्दलही. तरी शिकवणारे शिकवतात. कोरिओग्राफीचा वर्ग कल्पना पुरवत नाही, पण तुमच्या सवयी मोडायची हत्यारं देतो. आपल्याला सुचतं ते बहुतेक वेळा आपलं शरीर आधीपासून करत आलेलंच असतं. उजवा हात आधी उठतो, वळण डावीकडे जातं, शेवट समोर तोंड करून होतो. हे स्वतःला दिसत नाही.

विसाव्या शतकात यावर दोन टोकांचे उपाय झाले. लुई होर्स्ट हे अमेरिकन आधुनिक नृत्यातल्या मार्था ग्रॅहमचे संगीत दिग्दर्शक. ते जुन्या दरबारी नृत्यांच्या संगीतातले आकृतिबंध देऊन विद्यार्थ्यांकडून काटेकोर रचना करून घेत. भावना ओसंडतात म्हणून काम चांगलं, हे त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट डन. तेही संगीताचेच. १९६० ते १९६२ या काळात त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅमच्या स्टुडिओत रचनेचे वर्ग घेतले, तेही संगीतकार जॉन केजच्या पद्धतीवर: फासे टाका, आकडे येतील तसा क्रम लावा, आवडनिवड बाजूला ठेवा. विद्यार्थ्यांच्या कामावर चांगलं-वाईट असा निकाल ते देत नसत, ‘कसं केलंस?’ हे विचारत. त्या वर्गातल्या कामांचा कार्यक्रम ६ जुलै १९६२ ला जडसन मेमोरियल चर्चमध्ये झाला आणि पुढच्या समकालीन नृत्याची दिशाच पालटली. इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन, ट्रिशा ब्राउन ही सगळी त्या मंडळींतली.

ट्रिशा ब्राउनची १९७५ ची ‘लोकस’ ही रचना वर्गात फार उपयोगी पडते, म्हणून जरा खोलात सांगते. स्वतःभोवती एक घन आहे अशी कल्पना करायची, उभं राहून हात पसरले की त्याच्या भिंतींना लागतील एवढा. त्याचे कोपरे, कडांचे मध्य, बाजूंचे मध्य आणि घनाचं केंद्र मिळून सत्तावीस बिंदू होतात. इंग्रजी वर्णमालेची सव्वीस अक्षरं सव्वीस बिंदूंना दिली, सत्तावीसावा शब्दांमधल्या मोकळ्या जागेसाठी. मग तिने स्वतःबद्दलचा साधा चरित्रात्मक मजकूर घेतला आणि अक्षरागणिक त्या त्या बिंदूपाशी शरीराचा कुठला ना कुठला भाग नेला. मजकूर अगदी रुक्ष, पण नाच विलक्षण. कारण पाठीमागच्या, खालच्या कोपऱ्यात गुडघा न्यायचा असं कुणाला आपणहून सुचत नाही.

हे मराठीत करून बघा. आपली वर्णमाला सत्तावीस बिंदूंत मावत नाही आणि काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं उरतातच. वेलांटीला वळण द्यायचं का? जोडाक्षरात दोन बिंदू एकाच वेळी गाठायचे का, म्हणजे एकीकडे कोपर आणि दुसरीकडे टाच? हे निर्णय तुम्ही घेऊ लागलात की कोरिओग्राफी सुरू झाली समजा. हा सराव घरच्या घरी फुकट होतो. अभ्यासक्रमात मिळतात ती तो बघणारी आणि ‘तिसऱ्या ओळीत तुम्ही नियम मोडलात, का?’ असं विचारणारी माणसं. पैसे त्या माणसांचे.

प्रश्न: शास्त्रीय नृत्य वीस वर्षं केलं आहे, समकालीनचं रीतसर शिक्षण नाही. वय ३४. घेतील का? व्हिडिओ कसा पाठवावा?

वय विसरा. मास्टर्सला रंगमंचावरून किंवा वर्गातून काही वर्षं काढून आलेली माणसं हवीच असतात.

शास्त्रीय पाया ही अडचण नाही. अक्रम खान कथक शिकून मग इंग्लंडमध्ये समकालीन नृत्याच्या शिक्षणाकडे वळले, आणि दोन शिस्तींची शरीरातली ओढाताण हेच त्यांच्या कामाचं भांडवल ठरलं. अडचण येते ती वेगळीच. अर्जदार आपला शास्त्रीय भाग कापून, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये शिकलेलं लोळणं-गडगडणं पाठवतात. निवड समितीला ते लगेच कळतं. जे येतं ते पाठवा आणि त्यात तुम्हाला काय खटकतं ते निवेदनात लिहा. ‘पाठीचा कणा माझ्या नाचात नेहमी उभाच राहतो, तो सोडला तर तालाचं काय होतं हे मला बघायचं आहे’ एवढं एक वाक्य पानभर भावुक मजकुरापेक्षा जास्त काम करतं.

दरम्यान जमिनीशी मैत्री मात्र करा. पडायचं कसं, वजन दुसऱ्याच्या अंगावर सोडायचं कसं, हे कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनच्या वर्गात शिकायला मिळतं. वीस वर्षं सरळ उभ्या राहिलेल्या शरीराला हे एका आठवड्यात जमत नाही आणि घाई केली तर गुडघे, मनगटं दुखावतात.

व्हिडिओ सलग असावा. एक कॅमेरा, मध्ये कट नाही, पाय फ्रेममध्ये. धूर, संथ गती, पार्श्वसंगीतावर कापलेली झलक यांतलं काही नको. एका हालचालीतून दुसरीत तुम्ही कसे जाता हे बघायचं असतं, आणि कट नेमका तिथेच पडतो. संस्थेने झलक मागितलीच, तर सोबत पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक द्या.

प्रश्न: सगळ्यांसमोर काम दाखवायचं आणि सगळे त्यावर बोलणार, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो.

येणारच. चांगल्या संस्थांत या बोलण्याला रीत असते. लिझ लर्मन या कोरिओग्राफरने १९९० च्या सुमारास बसवलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. आधी बघणारे आपल्याला काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग काम करणारी व्यक्ती तिला हवे ते प्रश्न विचारते. नंतर बघणारे प्रश्न विचारतात, पण त्यात मत लपलेलं चालत नाही. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही ‘प्रकाशाबद्दल मला एक मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारून. नको म्हणायचा हक्क असतो.

अवघड तिसरी पायरी. ‘शेवटी एवढा अंधार का केलास?’ हा प्रश्न दिसतो, पण आहे टोमणा. ‘शेवटच्या भागात प्रकाशाकडून तुला काय हवं होतं?’ हा प्रश्न. हा फरक जिभेवर यायला महिने लागतात, आणि शिक्षक म्हणून तो आयुष्यभर पुरतो. माझा या पद्धतीवर एकच आक्षेप आहे: कधी कधी सगळे इतके सांभाळून बोलतात की काम फसलंय हे कुणी सांगतच नाही. त्यासाठी बाहेरचा एक फटकळ मित्र हाताशी ठेवावा.

प्रश्न: प्रबंधाचं संशोधन कसं ठरवायचं? ‘शरीर, स्मृती आणि अवकाश’ असा विषय मनात आहे.

हा विषय दर वर्षी कुणीतरी पाठवतं. तीन मोठे शब्द आहेत, पण सोमवारी सकाळी स्टुडिओत गेल्यावर नेमकं काय करायचं ते यातून कळत नाही.

उलटं चाला. तुमच्या वर्गात आरसा आहे ना? तो कापडाने झाका. अकरा-बारा वर्षांची मुलं रांग सरळ आहे की नाही हे आता कशावरून ठरवतात? शेजारच्याच्या खांद्यावरून, पावलांच्या आवाजावरून, की तुमच्या चेहऱ्याकडे बघून? आठवडाभर नोंदी घ्या, चित्रण करा (पालकांची लेखी परवानगी आधी), मुलांना बोलतं करा. यात शरीर आहे, स्मृती आहे, अवकाशही आहे. फक्त आता ते बघता येतात. आरशाच्या परिणामांवर लिहिलं गेलेलंही बरंच सापडेल, म्हणजे वाचनाची सुरुवात कुठून करायची हेही सुटलं.

‘मी नाचते, मग लिहू कशाला?’ असं आणखी एकीने विचारलं आहे. तुमचा नाच बघायला न आलेल्या माणसालाही तुम्ही काय शोधलंत ते कळावं म्हणून. अनेक विद्यापीठांत सादरीकरण आणि लेखन मिळून प्रबंध धरतात, पण लेखन पूर्ण माफ झाल्याचं सहसा दिसत नाही.

प्रश्न: एमए की एमएफए? आणि नंतर नोकरी?

अमेरिकेत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) साधारण दोन-तीन वर्षांचं, आणि तिथल्या विद्यापीठांत सर्जनशील कलांच्या अध्यापनासाठी ती अंतिम पदवी मानतात. युरोपात एमए बहुधा दोन वर्षांचं, ब्रिटनमध्ये बरेचदा एकाच वर्षाचं, म्हणजे रुळेपर्यंत संपतं. अमेरिकेत असिस्टंटशिप मिळाली तर पदवीचे वर्ग शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होऊ शकते आणि वर विद्यावेतनही मिळतं. शिक्षक व्हायचं असेल तर तो अनुभव पदवीइतकाच मोलाचा. जर्मनीतल्या सरकारी संस्थांत शिक्षण शुल्क बहुतेक ठिकाणी नसतं, पण राहण्याचा खर्च हाताशी आहे हे व्हिसासाठी दाखवावं लागतं.

एक गोष्ट आधीच तपासा: शाळेत नृत्य शिकवायला पुष्कळ देशांत वेगळा शिक्षक परवाना लागतो आणि नृत्यशिक्षणाच्या एमएने तो आपोआप मिळत नाही. प्रवेश घेतल्यावर हे कळलेले लोक फार चिडून पत्रं लिहितात.

प्रश्न: पोर्टफोलिओत मी ज्यांच्याकडे शिकले त्यांच्या तासातली एक रचना थोडी बदलून वापरली आहे. चालेल?

नाव दिलंत तर चालेल, नाही दिलंत तर नाही. २०११ साली बियॉन्सेच्या एका व्हिडिओत बेल्जियन कोरिओग्राफर अॅन टेरेसा डी कीर्समाकर यांच्या ‘रोसास डान्स्ट रोसास’मधल्या (१९८३) हालचाली दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला. २०१३ मध्ये डी कीर्समाकर यांनी त्याच रचनेतला खुर्च्यांवरचा भाग स्वतः व्हिडिओतून शिकवला आणि लोकांना आपापल्या आवृत्त्या करून पाठवायला सांगितलं. जगभरातून ढीगभर आल्या. घेणं हा गुन्हा ठरला नाही. कुणाकडून घेतलं हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

तुम्ही व्हिडिओखाली लिहा: मूळ रचना अमुक यांची, त्यांच्या तासात शिकलेली, क्रम आणि दिशा मी बदलल्या. आणि अर्ज पाठवण्याआधी त्यांना एक फोन करा, कारण शिफारसपत्र बहुधा त्यांच्याकडूनच मागायचं असेल.