धडगावच्या पाड्यांवर आरोग्य शिबिर: औषधांच्या यादीआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न असा, की पुण्याहून चार डॉक्टर आणि आठ स्वयंसेवक जानेवारीत दोन दिवसांसाठी सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या तीन-चार पाड्यांवर जाणार आहेत, तर औषधं कोणती आणि किती न्यावीत. औषधांचं पुढे लिहितो. आधी तारीख बदला.

दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला, बांधकामावर, गुजरातेत शेतमजुरीला उतरतात आणि होळीला परततात. जानेवारीत पाड्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं भेटतील. गरोदर बाया, अंगावर पिणारी मुलं, महिनाभर खोकणारा कर्ता पुरुष, म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही एवढ्या लांब येताय, ते तिथे नसतील. होळी झाल्यावर लगेच या, आणि पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, दुसरी फेरी करा. दोनच दिवस असतील तर एकाच गावी एक मार्चमधला आणि एक ऑक्टोबरमधला, असे वापरा. चार पाड्यांवर एकेकदा जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोनदा जाणं कितीतरी मोलाचं.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यालच. पण खरं बोलणं त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आणि आशाताईंशी करा. विचारायचं एवढंच: रक्तदाबाची कुठली गोळी तुमच्याकडे कायम असते? बेडक्याचे नमुने कुठल्या वारी जातात? सिस्टर उपकेंद्रात कधी भेटतात? केंद्रात अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ असेल तर तुम्हीही तीच द्या. शहरातली दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी पंधरा दिवस दिली, तर सोळाव्या दिवशी ती मिळत नाही आणि माणूस औषधच सोडतो. पोर्टेबल सोनोग्राफी मशीन मात्र नेऊच नका. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ते नोंदणीच्या जागेबाहेर असं कुठेही वापरता येत नाही.

जागा गाडी पोहोचते म्हणून निवडू नका. इथे एका गावाचे आठ-दहा पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. डांबरी रस्त्यावरच्या शाळेत बसलात तर रस्त्यावरचेच लोक येतील. कुठे बसायचं ते आशाताईंना ठरवू द्या. माणूस चढ चढून आला की रक्तदाब वाढलेलाच दिसतो, म्हणून पाच मिनिटं सावलीत टेकवून मग दोनदा मोजा. पावरी किंवा भिली बोलणारा दुभाषी प्रत्येक डॉक्टरमागे एक हवा, आणि बायकांसाठी बाईच. दुभाष्यासह एक माणूस नीट तपासायला आठ मिनिटं लागतात. चार डॉक्टरांनी सात तास सलग काम केलं तरी आकडा दोनशेच्या आसपास थांबतो. सहाशे तपासले असं कुणी सांगितलं, तर तिथे गोळ्या वाटल्या, तपासणी झाली नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचा दंडघेर मोजा. डावा हात सैल सोडलेला, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी, बाहीवरून नाही, कातडी दबेल इतकी घट्ट नाही. ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून ठेवा. दोन्हीकडे खळगा उरला तर पट्टी काहीही सांगो, मूल तीव्र कुपोषितच धरायचं. गुबगुबीत दिसतं म्हणून असं मूल हमखास सुटतं. सूज असलेलं, ताप असलेलं किंवा खायला नकार देणारं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात जायला हवं. ते त्याच दिवशी तुमच्या गाडीतून न्या. आईबरोबर घरातलं कोण येईल, मागच्या मुलांना कोण सांभाळेल, हे ठरल्याशिवाय नुसती चिठ्ठी देऊन उपयोग नाही.

हिमोग्लोबिन मोजताना बोट पिळू नका, रक्तात पातळ पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून पुढचा घ्या. गरोदर बाईचं ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं तर ग्रामीण रुग्णालय, थांबायचं नाही. आणि लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, विचारा: सांधे, हाडं वारंवार दुखतात का, डोळे पिवळे होतात का, घरात कुणाचं सिकलसेलचं कार्ड आहे का. सिकलसेलची जागेवरची प्राथमिक चाचणी (सॉल्युबिलिटी) पॉझिटिव्ह आली तरी माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. चाचणी झाल्या झाल्या तरण्या मुलीला सगळ्यांसमोर 'तुला सिकलसेल आहे' असं सांगून टाकलं, की तिच्या लग्नापर्यंत ते शब्द तिच्या मागे लागतात. निकाल आशाताई आणि आरोग्य केंद्रामार्फत, एकटीला सांगा.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवा. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं अजिबात देऊ नका. टीबी तेवढ्यापुरता दबतो आणि निदान महिनोन् महिने लांबतं.

खरजेला पर्मेथ्रिन मलमाची एकच ट्यूब देणं म्हणजे औषध फुकट घालवणं. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत लावायची, आठवड्याने पुन्हा. लहान पोरांना कमी लागतं, तेव्हा सात माणसांच्या घराला दोन वेळचं धरून दहा-बारा ट्यूब. इतकं परवडत नसेल तर पाच घरं पूर्ण करा, पन्नास घरं अर्धवट नको.

बाकी औषधं मोजकी. प्रत्येकाची एकच मात्रा ठेवा. पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅ आणि २५० मिग्रॅ असं दोन्ही नेलंत, की घाईत दुप्पट डोस जातो. अमॉक्सिसिलिनचं कोरडं सिरप नको, विरघळणाऱ्या गोळ्या न्या. सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी नेमक्या खुणेपर्यंत भरावं लागतं आणि ते आठवडाभरात संपवावं लागतं. जुलाब असलेल्या मुलाला ओआरएसबरोबर झिंक २० मिग्रॅ चौदा दिवस, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ. जंतांची अल्बेंडेझॉल एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, वर्षाच्या आत नाहीच, आणि लहान मुलांना पूड करूनच, अख्खी गोळी घशात अडकते. 'सुई मारा' अशी मागणी होईल. वेदनाशामक इंजेक्शनं आणि सलाईन सोबत नेलीच नाहीत, तर नाही म्हणणं सोपं जातं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आनंद देणारी वस्तू म्हणजे जवळचा चष्मा. +१.५ ते +३ पर्यंतचे साठ-सत्तर तयार चष्मे न्या. अक्षरांचा तक्ता इथे कामाचा नाही. ताटलीत मूठभर भगर पसरा आणि त्यातले खडे वेचायला सांगा. ज्या नंबराने बाईची बोटं चाचपडायची थांबतात आणि थेट खड्यावर जातात, तो तिचा नंबर.

गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, त्यापुढे गोळ्यांइतके ठिपके. समजलं का, असं विचारू नका, सगळे मान हलवतात. पहिला डोस समोर घ्यायला लावा आणि उद्याचा कसा घेणार ते त्यांनाच दाखवायला सांगा.

सुया-लॅन्सेट पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि सगळं परत घेऊन या. खड्ड्यात पुरलेलं पहिल्या पावसात ओढ्याला लागतं.

निघताना कार्बन ठेवून लिहिलेल्या वहीची एक प्रत आशाताईंकडे द्या: नाव, पाडा, काय आढळलं, कुठे पाठवलं, कोणत्या तारखेला. ज्यांना पुढे पाठवलंय ती वीस-पंचवीस नावं वेगळ्या पानावर काढा आणि आठव्या दिवशी आशाताईंना फोन करून एकेक नाव विचारा, कोण पोहोचलं, कोण नाही, का नाही. ऑक्टोबरमध्ये तेच पान घेऊन जा.