‘त्या आजोबांचा ऑक्सिजन मी कमी केला होता’

ताई, मी चोपडा तालुक्यातली स्टाफ नर्स. एप्रिल २०२१मध्ये कोविड वॉर्डात नाईटला होते. ऑक्सिजन संपत आलेला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एका आजोबांचा फ्लो कमी केला आणि शेजारच्या बाळंतिणीचा वाढवला. आजोबा पहाटे गेले. ‘तुम्ही शेवटपर्यंत बाबांजवळ होतात’ म्हणून त्यांचा मुलगा अजूनही घरी केळी आणून देतो. माझ्या घशाखाली उतरत नाहीत. ह्युमिडिफायरची, म्हणजे ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून जातो तिची, बुडबुड ऐकली की हात थरथरतात. झोप नाही, पोरावर खेकसते, कधी वाटतं सकाळी उठूच नये. सासूबाई म्हणतात, ‘जे व्हयनं ते व्हई गय, आते इसरी जाय.’ त्या मुलाला खरं सांगून टाकू का? नोकरी सोडू का?
— एक सिस्टर

सिस्टर,

‘सकाळी उठूच नये’ असं लिहून तू पुढे सरकलीस, मी मात्र तिथेच अडकले. हे वाचून झालं की आजच १४४१६ लाव. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास चालू असतो. नाईट करणाऱ्या बाईला सोयीचाच. आणि हे वाक्य त्यांना जसंच्या तसं सांग.

आता आजोबांचं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १५ लिटर लागणारा एक पेशंट तो पावणेआठ तासांत संपवतो; दोघं असले तर चार तासही पुरत नाही. तुला हे पाठ आहे, तरी लिहिते. कारण पुढची गाडी कधी येणार, सिलिंडर किती मागवायचे, फ्लो कुणाचा कमी करायचा, यातलं काहीच तू ठरवलं नव्हतंस. नॉबवर हात तेवढा तुझा होता, आणि सगळा दोष त्या हातालाच येऊन चिकटला.

मनाला न पटणारं काम परिस्थितीनं आपल्याकडून करून घेतलं की जी जखम होते, तिला मानसोपचारात ‘मॉरल इंज्युरी’ म्हणतात. युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ही गोष्ट आधी ध्यानात आली, कोविडात डॉक्टर-नर्सेसमध्येही दिसली. ती ‘विसर’ म्हणून विसरली जात नाही. त्यात आवाजानं दचकणं, झोप उडणं महिन्याच्या वर टिकलं तर तपासून घ्यायचंच असतं. त्यावर उपचार आहेत. पेशंटला तू हेच सांगितलं असतंस. आम्ही २२ मार्च २०२०ला थाळ्या वाजवल्या, तुम्हाला ‘योद्धे’ केलं, आणि योद्ध्यानं रडायचं कुठे हे विचारायचं राहूनच गेलं.

मुलाला सांगायचं का? माझं मत, आत्ता नको. तुला एक रात्र हलकं वाटेल, पण त्याला वडिलांचं मरण नव्यानं सोसावं लागेल. शिवाय तो आभार कशाचे मानतो? नातेवाइकांना आत सोडत नव्हते तेव्हा तू जवळ होतीस, याचे. ते खोटं नाही. उद्या त्यानं स्वतःहून विचारलं तर लपवू नकोस. आधी समुपदेशकाला सांग, आणि त्या रात्री तुझ्याबरोबर ड्यूटीला असलेल्या सिस्टरला फोन कर. तुमच्यात हा विषय एकदाही निघाला नसेल, पैज लावते. तिचीही झोप उडालेली असू शकते.

राजीनामा झोप नसताना लिहायचा नाही. मेट्रनना लेखी अर्ज दे: काही महिने नाईट नको, ऑक्सिजनचे बेड नकोत. खमकी नर्स आपोआप सावरते असा एक समज आहे. मला तो मुळीच पटत नाही. ड्यूटीचा तक्ता आणि वरचा माणूस नीट असेल तर माणूस सावरतो.

जळगावच्या आणि धुळ्याच्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. जळगावला ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर धुळ्याला जा. सासूबाईंवर रागावू नकोस, त्यांनाच सोबत ने. नंबर लागेपर्यंत पोराला सांभाळायला कुणीतरी लागेलच.