पाणीपातळी सांगणाऱ्या मुलाविषयी

आदरणीय ताई,

आपले पत्र मिळाले. बारावी कला शाखेत शिकणारा आपला मुलगा पावसाळ्यात कृष्णेच्या पाणीपातळीची माहिती समाजमाध्यमांवर देतो आणि त्याला पत्रकार व्हायचे आहे; परंतु बातमी प्रत्येकाच्या मोबाइलवर फुकट आणि तत्काळ येत असताना या व्यवसायात उद्या पगार कोण देणार, अशी आपली चिंता आहे.

चिंता रास्त आहे. बातमी सर्वांत आधी देण्याला आता फारसे मोल उरलेले नाही. मात्र आपण सांगलीकर आहोत, तेव्हा ऑगस्ट २०१९ आठवून पाहावा. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले होते, आणि अडकलेल्यांचे पत्ते व्हॉट्सअॅपवरून फिरत होते. माझ्या गटात एका गच्चीवरील कुटुंबाचा पत्ता, त्यांची सुटका झाल्यानंतर दुसऱ्या दिवशीही, ‘तातडीने बोट पाठवा’ या शब्दांसह येत राहिला. तो संदेश खोटा नव्हता, शिळा होता. पुढे पाठवलेल्या संदेशाखाली दिसणारी वेळ तो पाठवल्याची असते, मूळ मजकूर लिहिल्याची नव्हे. कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडमार्गे सांगलीत पोहोचायला कित्येक तास लागतात. त्यामुळे ‘विसर्ग वाढवला’ एवढेच, वेळेशिवाय, वाचून नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटमधील माणसाने सामान आता हलवायचे की सकाळी, हे त्याला कसे ठरवता येणार? (२०१९ ची छायाचित्रे पुढच्या पुरांत ‘आत्ताची’ म्हणून फिरतात, ते वेगळेच.)

म्हणून त्याने खाते बंद करू नये, शिस्तीने चालवावे. प्रत्येक आकड्यासोबत मोजणीची वेळ आणि तो पाटबंधारे विभागाचा आहे की कुणा मित्राने पुलावरून पाहून सांगितलेला, हे लिहावे. छायाचित्र टाकण्यापूर्वी गुगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणारी सोय) शोधून ते पूर्वी कुठे आले आहे का, हे पाहावे. एका फुटाची चूक झाली, तर नोंद गुपचूप पुसू नये, दुरुस्ती तिथेच द्यावी.

शिक्षणाबाबत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. पदवी अर्थशास्त्र, भूगोल किंवा राज्यशास्त्रात घ्यावी. पत्रकारिता त्यानंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात शिकता येईल. पूररेषा आणि धरणाचा साठा समजणारा बातमीदार जिल्ह्याला हवा असतो. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे मी लपवणार नाही. पहिली काही वर्षे घरचा आधार लागेल, त्याची तयारी आपण ठेवावी. इंग्रजीही पक्की करून घ्यावी, कारण तथ्य-पडताळणीच्या कामात मूळ कागद बहुधा त्याच भाषेत असतात.

पुढच्या पत्रासोबत त्याच्या खात्यावरील गेल्या पावसाळ्यातील नोंदी पाठवाव्यात. त्यात एखादा आकडा चुकला असेल, तर चूक कळल्यावर त्याने काय केले, तेही लिहावे. गुणपत्रिकेपेक्षा मला ते आधी पाहायचे आहे.