वाचक विचारतात : मॉरिशसची एका दिवसाची सहल

उत्तरेच्या ग्रँड बे गावात हॉटेल घेतले आहे. सहलवाला म्हणतो, पोर्ट लुई, पाम्पलमूसची बाग, गंगा तलाव आणि शामारेलची सप्तरंगी माती, सगळे एका दिवसात दाखवतो. बेट तसे लहानच आहे, मग जमेल ना? — नाशिक

नकाशावर जमते, रस्त्यावर नाही. बेटाची लांबी सुमारे 65 किलोमीटर, रुंदी सुमारे 45. पण उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी बहुतेक वाहतूक पोर्ट लुईमधूनच जाते. सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा हा ऑफिसवाल्यांचा वेळ, त्यात गाडी अडकली की हलत नाही. ग्रँड बेहून शामारेल दीड तासाचे धरा, गर्दी लागली तर दोन. मोठ्या बसची सहल असेल तर हॉटेलाहॉटेलांतून माणसे गोळा करण्यात आणखी पाऊण तास जातो. दोन टोके एका दिवसात बांधणारा कार्यक्रम म्हणजे पाच तास खिडकीतून ऊस बघणे.

एका दिवशी एकच दिशा धरा. उत्तरेचा दिवस पोर्ट लुई आणि पाम्पलमूसचा, नैर्ऋत्येचा दिवस गंगा तलाव आणि शामारेलचा, पूर्वेचा दिवस इल ओ सर्फ या बेटाचा. दोनच दिवस हातात असतील तर उत्तर सोडा. ग्रँड बेलाच राहता, तेव्हा पाम्पलमूस एखाद्या मोकळ्या दुपारीही उरकते.

नैर्ऋत्येच्या सहलीत कोणते ठिकाण आधी, कोणते नंतर? मागच्या वर्षी शेजारी जाऊन आले, त्यांना धुक्याशिवाय काही दिसले नाही. — ठाणे

शेजाऱ्यांचा महिना चुकला असेलच असे नाही, तास चुकला असण्याची शक्यता जास्त. बेटाचा मधला भाग पठार आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची दमट हवा त्यावर चढवतात, ती थंड होते आणि ढग धरतात. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना पठारावरच्या क्युरपीप गावी पाऊस पडत असतो. दिवस चढेल तसे ढग वाढतात, म्हणून पठारावरची ठिकाणे दुपारच्या आत उरकायची.

उत्तरेहून येणार असाल तर पावणेसातलाच निघा, म्हणजे पोर्ट लुई गर्दीच्या आधी मागे पडते. पहिला थांबा क्युरपीपचे त्रू ओ सर्फ. हे निद्रिस्त ज्वालामुखीचे विवर, सुमारे 80 मीटर खोल, आता आत झाडी माजलेली. काठावरून बेटाचे डोंगर दिसतात, वीस मिनिटे पुरेत. गावातच धुके लागले तर इथे जाऊच नका, समोर पांढरी भिंत दिसेल. ड्रायव्हरला ‘थेट गंगा तलाव’ सांगा.

गंगा तलावही विवरातलाच. 1972 साली गंगेचे पाणी आणून यात मिसळले, तेव्हापासून हे नाव रुळले; नकाशावर ग्रां बासां असे सापडेल. रस्त्यालगतची शंकराची मूर्ती 33 मीटर उंच आहे. तिथे गाडी फोटोपुरतीच थांबते, देवळे आणि पाणी पुढे आहे. पाऊण तास मागून घ्या. देवळांच्या फरश्या ओल्या आणि गार असतात, आणि चपला बाहेर काढायच्या असतात. ज्येष्ठांसाठी जाड मोज्यांचा जास्तीचा जोड पिशवीत असू द्या. इथे प्रवेशशुल्क नाही.

महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र ही सहल ठेवू नका. कावडी घेतलेले हजारो लोक बेटाच्या कानाकोपऱ्यांतून चालत येतात, रस्ते त्यांचेच असतात. सोहळा पाहायचाच असेल तर तो वेगळा दिवस, आणि बराचसा पायी.

पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून रस्ता जातो. दरीच्या कठड्याशी माकडे असतात आणि ती पिशवी ओढतात. खाण्याचे काही हातात धरू नका, गाडीच्या काचा वर ठेवा. त्यानंतरचा शामारेलचा उतार वळणावळणांचा आहे. गाडी लागत असेल तर गोळी दरीपाशी घेऊन उपयोग नाही, गंगा तलावावरून निघण्याआधी अर्धा तास घ्यायची, आणि मागच्या नव्हे, पुढच्या आसनावर बसायचे.

शामारेलला धबधबा आणि सप्तरंगी माती एकाच तिकिटात, एकाच आवारात. आधी धबधबा लागतो, 80 मीटरांहून जास्त उंचीची एकच धार. सप्टेंबर ते नोव्हेंबर कोरडे महिने, तेव्हा ती बारीक होते. मातीपाशी अनेकांची निराशा होते, कारण फोटोत मैलोन्‌मैल वाटणारे रंग प्रत्यक्षात कुंपणाआडच्या काही टेकाडांपुरते आहेत. फेरी अर्ध्या तासात होते, आत पाऊल टाकायला बंदी आहे. पण घडण समजली तर पाहायला मजा येते. बेसॉल्ट खडक उष्ण, दमट हवेत कुजतो, विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. लोहामुळे लाल-तपकिरी छटा, ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळ्या. कोकणचा जांभा याच रीतीने तयार झाला. रंग खुलायला ऊन लागते, ढगाखाली सगळे एकच विटकरी दिसते. ढग असेल तर आधी शेजारची महाकाय कासवे बघा आणि दहा मिनिटे थांबा. इथे ढग टिकून बसत नाही.

हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूला असेल तर आणखी चांगले: हाच रस्ता उलटा करा. शामारेलचे आवार उघडल्याबरोबर आत शिरा, बसगाड्या पोचेपर्यंत तुम्ही बाहेर पडलेले असाल आणि अकराच्या सुमारास गंगा तलावावर असाल.

किनाऱ्यावरचे कपडे पठारावर अपुरे पडतात. जून ते ऑगस्ट त्यांचा हिवाळा. पातळ स्वेटर आणि वारा अडवणारे जॅकेट हवे. छत्रीचा तिथे उपयोग कमी. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, डिसेंबरात सातच्या जरा आधी, त्यामुळे हिवाळ्यात परतीचा समुद्रकिनारा कार्यक्रमात धरू नका.

आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात. इल ओ सर्फला स्पीडबोटने न्यावे का? — कोल्हापूर

त्रू दो दूस या गावातून बोटी सुटतात. साधी फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. स्पीडबोटची सहल बहुधा आधी नदीमुखातला छोटा धबधबा दाखवते, मग बेटावर सोडते. धबधबा बोटीतूनच बघायचा असतो आणि त्यासाठी आईंनी आदळआपट सोसावी असा तो नाही. लाटेवर स्पीडबोटचा पुढचा भाग उचलून आपटतो. मणक्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती टाळावीच. गुडघ्याला आपटण्यापेक्षा चढउतार जड जाते, कारण काही बोटी वाळूशी लागतात आणि गुडघाभर पाण्यातून शिडी चढावी लागते. पैसे देण्याआधी विचारा: चढणे-उतरणे धक्क्यावरून आहे की पाण्यातून, दोन्ही टोकांना. उत्तर गुळमुळीत आले तर फेरीबोट घ्या.

हा किनारा वाऱ्याच्या तोंडाशी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी खवळते, परतताना अंगावर तुषार येतात आणि ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. टॉवेल आणि कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. पोहायचे ते बेटाच्या उथळ, संथ बाजूला. शेजारच्या बेटाकडचे चिंचोळे पाणी दिसते शांत, पण भरती-ओहोटीच्या वेळी ओढ लागते. पायात रबरी बूट हवेत, सागरी साळू म्हणजे काटेरी अर्चिन खडकांत असतात. शंख, पोवळे काही उचलून आणू नका, कायद्याने मनाई आहे.

शिरावर काचेचे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्याचा खेळही विकला जातो. खोली तीन-चार मीटरच, पण सर्दी झालेली असेल तर तेवढ्यानेही कान ठणकतात. आईंना नको, दमा असलेल्या कुणालाच नको.

आम्ही शाकाहारी. सहलीतल्या जेवणाचे काय? — सांगली

इल ओ सर्फच्या सहलीचे जेवण म्हणजे कोळशावर भाजलेले मासे आणि कोंबडी. ‘शाकाहारी मिळेल’ याचा अर्थ पुष्कळदा तीच जाळी, त्यावर बटाटा. आदल्या दिवशी कळवा आणि वेगळ्या तव्यावर करतात का ते विचारा. शामारेलला पाम झाडाच्या कोवळ्या गाभ्याचे सॅलड मिळते, ते घ्या. शहरात अडचणच नाही: ढोल पुरी सगळीकडे आहे, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण भरलेली बिनगोडाची मऊ पोळी, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी आणि चटणी. जोडीनेच देतात. चटणीचा तिखटपणा आधी जिभेच्या टोकावर बघा.

ठेल्यांसाठी रोख मॉरिशस रुपये लागतात. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झाले आहे, पण त्याच्या भरवशावर सकाळी बाहेर पडू नका.

स्वतंत्र टॅक्सी बरी की बसची सहल? — नागपूर

तिघे-चौघे असाल तर टॅक्सी. वेळ तुमच्या हातात राहतो, आणि वर सांगितले तसे, इथे सगळा खेळ वेळेचा आहे. ठरवताना चार गोष्टी मोबाइलवर लिहून घ्या: निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, ठिकाणांची नावे क्रमाने, आणि दर माणशी आहे की गाडीचा. प्रवेशतिकिटे दरात धरली आहेत का, हे वेगळे विचारा. शामारेलचे तिकीट बहुधा धरलेले नसते. बोटीची किंवा बसची सहल घेताना मॉरिशसच्या टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना दाखवायला सांगा.

क्युरपीपच्या आसपास जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचे कारखाने आहेत. सहलवाले तिथे हमखास थांबतात, विक्रीवर दलाली असते. कारागिरी खरोखर सुंदर आहे, आवड असेल तर अवश्य बघा. नसेल तर आदल्या दिवशीच नकार द्या. गाडी दारात उभी राहिल्यावर नाही म्हटले तरी अर्धा तास जातो, आणि तो पठारावरच्या स्वच्छ हवेचा असतो.

आमच्या पणजोबांचे भाऊ रत्नागिरीहून मजूर म्हणून मॉरिशसला गेले. सहलीत त्यांची नोंद पाहता येईल का? — चिपळूण

सहलीत नाही. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मात्र जरूर बघा. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून करारावरचे मजूर इथे आले, आणि 1920 पर्यंत जवळपास पाच लाख भारतीय या बंदरातून उतरले. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मजूर चढत त्या सोळा पायऱ्या आणि शेजारचे माहिती केंद्र मिळून तासभर लागतो. रविवारी बंद असते, आणि रविवारी शहरही निम्मे झोपलेले असते, तेव्हा सोमवार ते शुक्रवार जा. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी सरकारी जागांचा भरवसा धरू नका. त्यापेक्षा पश्चिमेकडच्या कास्कावेलसारख्या मराठी वस्तीच्या गावी विसर्जन पाहा.

मजुरांच्या मूळ नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांत जहाज, मजूर क्रमांक, वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा सापडतो, पुढच्या काळातल्या नोंदींबरोबर छायाचित्रेही. नावे इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, म्हणून आडनावावर विसंबू नका. गावाच्या नावाची चार-पाच संभाव्य इंग्रजी स्पेलिंगे आणि अंदाजे दशक लिहून निघण्याआधीच संस्थेला पत्र पाठवा. क्रमांक हाती आला तर बाकीचे पटकन उलगडते.